कुंपणाआतली मेंढी

नाना लेकीकडे राहायला आले ते तोंड वाकडं करूनच. लेकीची आई गेल्यावर ते एकटे पडले होते, गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि लेकीने हट्टच धरला तेव्हा एक पेटी आणि एक वेताची खुर्ची घेऊन ते तिच्या सरकारी घरात दाखल झाले. घर दोन खोल्यांचं. मागच्या खिडकीतून तारेचं उंच कुंपण दिसे, कुंपणाआत मेंढ्या कोंडायचे पत्र्याचे वाडगे, आणि त्यांच्यापलीकडे एक बैठी पांढरी इमारत. त्या इमारतीत मेंढ्यांना होणाऱ्या आणि लोकरीतून माणसालाही लागणाऱ्या काळपुळीवरची लस आणि औषध तयार करायचं काम चाले, आणि त्या कामात लेकीच्या कानशिलांवरचे केस पिकत चालले होते. तिथे तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. नाना मात्र चिमणे म्हणत, अगदी चारचौघांतसुद्धा.

"एवढी शिकलीस, आणि शेवटी मेंढरंच राखतेस होय?" नाना पहिल्याच दिवशी खिडकीतून बघत म्हणाले.

"तुम्ही जन्मभर लोकर निवडलीत, मी मेंढ्यांना टोचते. घरचा धंदा सोडला नाही म्हणा की."

नाना हसले नाहीत, पण खुर्ची ओढून त्यांनी खिडकीपाशी लावली. लेकीला तेवढं पुरलं.

नाना लोकरीच्या गोदामात निवडणारे होते. देशोदेशींहून लोकरीच्या मोठाल्या गाठी यायच्या. त्या फोडायच्या, लोकर चिमटीत धरून चाचपायची आणि प्रतीप्रमाणे वेगवेगळ्या टोपल्यांत टाकायची. लोकरीच्या मेणाने त्यांचे तळवे म्हातारपणीही बाळासारखे मऊ राहिले होते. तरुणपणी, लेक अजून पाळण्यात असताना, त्यांच्या मानेवर एक पुळी उठली, नेमकी जिथे खांद्यावरची गाठ टेकते तिथे. पुळीचा फोड झाला, फोडाचा मधला भाग कोळशासारखा काळा पडला. नाना म्हणाले, "दुखत तर नाही, मग कशाला दाखवायचं?" या रोगाची हीच तर लबाडी. पुळी दुखत नाही. आईने मात्र त्यांची सुजलेली मान बघितली, पोर शेजारणीकडे दिली आणि भर गोदामातून, सगळ्यांच्या देखत, नानांना हाताला धरून इस्पितळात नेलं. तेव्हा आजच्यासारखी जंतू मारणारी इंजेक्शनं नव्हती. मेंढीला रोगाची सवय लावून तिच्या रक्तातून काढलेला रस, ज्याला सीरम म्हणतात, तो टोचत. नाना वाचले. मानेवर एक खळगा तेवढा राहिला.

लहानपणी लेक त्या खळग्यात बोट घालून विचारायची, "नाना, इथे काय होतं?"

"इथे तुझ्या आईचा हट्ट बसलाय," नाना सांगायचे. "आणि अंगात मेंढीचं रक्त आहे माझ्या. म्हणून तर तुझ्या आईपुढे मान खाली घालून चालतो."

आई आतून म्हणायची, "चालता कुठे? नुसते म्हणता."

पुढे लेक हेच शिकली यात कुणाला नवल वाटलं नाही.

संस्थेचे मोठे डॉक्टर स्वभावाने कडक, पण जुन्या माणसांशी मऊ. या बाईंचे वडील लोकरीतले जाणकार आहेत असं कळल्यावर त्यांनी नानांना निरोगी मेंढ्यांच्या वाडग्यात यायला मोकळीक दिली. आठवडाभरात नाना तिथलेच झाले. सकाळचा चहा झाला की काठी घेऊन जायचे, मेंढ्यांच्या पाठीवरची लोकर दोन बोटांनी दुभंगून बघायचे आणि मान हलवायचे. त्यातली एक त्यांच्या मागे मागे फिरू लागली. लांबोडक्या तोंडाची, खालचा ओठ लोंबलेला, डोळ्यांत कायमची तक्रार.

"हिचं तोंड बघ, चिमणे. हुबेहूब तुझी मावशी. लग्नात जेवण झाल्यावर अशीच बसली होती, वाढपी आपल्याला विसरला म्हणून."

तेव्हापासून तिचं नाव मावशी. वाडग्यातल्या मेंढीला नाव ठेवायचं नाही, असा संस्थेचा शिरस्ता होता, आणि त्याला कारणही होतं. लेकीने एकदा सांगून बघितलं. "नाना, जीव लावू नका. या मेंढ्या कामाच्या आहेत."

"मीही कामाचाच होतो. मला नाव नव्हतं का?"

लेक आपल्या कामाला निघून गेली.

काम असं होतं. काळपुळीच्या जंतूच्या अंगावर एक आवरण असतं, जाड कोटासारखं. तो कोट घातलेला असला की शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याला धरता येत नाही. पण कोट हरवून बसलेला एक वाण संस्थेने जपून ठेवला होता. सगळे त्याला उघडा म्हणत. मेंढीला उघडा टोचायचा. तो काही दिवस अंगात जगतो, वाढतो, शरीर त्याच्याशी झटापट करता करता शिकतं, आणि मग खरा कोटवाला आला तरी त्याला पुरून उरतं. काट्याने काटा काढायचा. फक्त उघडा जिवंत राहायला हवा. तो टोचल्याटोचल्याच मेला तर शरीर शिकणार कुणाकडून?

लेकीने लशीत थोडा बदल केला होता, एकदा टोचली की जास्त काळ टिकेल असा. तिची परीक्षा व्हायची होती. काही मेंढ्यांना लस टोचली, काहींना नाही. दोन-तीन आठवडे थांबून सगळ्यांना खरा रोग द्यायचा. लस नसलेल्या जातील, लस घेतलेल्या उभ्या राहतील. मेंढ्यांची निवड चिठ्ठ्या टाकून होई, म्हणजे कुणाच्या मायेचा हात मध्ये येऊ नये. मावशीची चिठ्ठी लशीची निघाली, तेव्हा लेकीने सुटकेचा श्वास टाकला. नानांनी तर मावशीच्या कानात सांगितलं, "माझ्या पोरीची लस आहे बरं. घाबरायचं कारण नाही."

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी दोघं चहा घेत बसली होती.

"उद्या टोचणार ना मावशीला?" नानांनी विचारलं.

"हो. पण लस आहे तिच्या अंगात."

"मग मला काही काळजी नाही. आणि आता तिचा पायही ठणठणीत आहे. त्या सुईनं गुण आला."

लेकीचा कप हातातच राहिला. "कुठली सुई?"

"अगं, लस टोचलीत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी लंगडत होती. खुराच्या बेचक्यात काहीतरी चिघळलं होतं. तू कामात होतीस. मीच घेऊन गेलो तिला तुमच्या कंपाउंडरकडे. भला माणूस. लगेच पांढऱ्या दुधासारखं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत पाय टेकायला लागली."

लेक उठली. चहा तसाच ठेवून चपला न घालताच संस्थेच्या दवाखान्यात गेली. कंपाउंडर बाटल्या पुसत होता.

"मेंढीला पेनिसिलिन दिलंत?"

"दिलं की, बाई. तुमचे वडील स्वतः घेऊन आले होते. मला वाटलं, तुम्हीच पाठवलं." तिचं तोंड बघून त्याने बाटली खाली ठेवली. मग त्याला लस कधी टोचली होती ते आठवलं, आणि तो मटकन स्टुलावर बसला. "अरे देवा. उघडा मेला असणार."

वाडग्यातल्या मेंढीला विचारल्याशिवाय औषध द्यायचं नाही, हे त्याला पाठ होतं. दुसरं कुणीही आलं असतं तर त्याने परत पाठवलं असतं. पण डॉक्टरीणबाईंच्या वडिलांना कोण परत पाठवणार?

लेक तशीच मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. राग आला की ते आधी चष्मा पुसत.

"म्हणजे कागदावर लस आहे, मेंढीत नाही. उद्या ती मेली असती तर आपण लशीला दोष दिला असता."

"हो."

"तुमच्या वडिलांना काय म्हणू मी?"

"काही म्हणू नका. त्यांना मीच समजावलं नव्हतं. लशीचं सांगितलं, औषधाचं राहिलं."

परीक्षा पुढे ढकलली. मावशीचं रक्त तपासलं, त्यात लशीची खूणसुद्धा नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी तिला कामातून बाद केलं आणि म्हणाले, "बाद झालेली मेंढी कुणाचीच नसते. कुंपणाच्या आत बांधून ठेवायची असेल, तर तुमच्या वडिलांना विचारा."

लेकीने नानांना चूक समजावून सांगितली. "म्हणजे मी तिचं भलं करायला गेलो आणि तिची ढालच काढून घेतली," ते म्हणाले. पण मावशी आता त्यांचीच झाली हे कळल्यावर तोंडावरचा आनंद काही लपेना. घरामागे, कुंपणाच्या आतल्या कडेला, एका झाडाखाली त्यांनी तिला बांधलं. वेताची खुर्ची खिडकीपासून झाडाखाली गेली. दिवसभर दोघांचं चाले. नाना बोलत, मावशी नाराज.

लशीची परीक्षा झाली आणि लेकीची लस खरी ठरली. लस घेतलेल्या मेंढ्या वैरण चघळत उभ्या राहिल्या. मोठे डॉक्टर जाता जाता चष्म्यावरून तिच्याकडे बघून हसले. कंपाउंडर म्हणाला, "बाई, साहेब हसले! आता पाऊस पडणार."

खरं म्हणजे लेकीचा जीव दुसऱ्याच कामात अडकला होता. लस जनावरांसाठी होती. माणसासाठी औषध होतं, पण त्यात एक उणीव होती. जंतू मारणारं इंजेक्शन जंतू मारतं, पण तोवर जंतूने अंगात ओतलेलं विष मागे राहतं. लवकर आलेला माणूस बरा होतो. उशिरा आलेल्याच्या रक्तात एकही जंतू उरत नाही, तरी तो हातचा जातो. लेकीचं म्हणणं असं की जुनं सीरम आणि नवं इंजेक्शन दोन्ही मिळून द्यावं. एकाने जंतू मारावा, दुसऱ्याने विष. त्यासाठी तिने सीरम नव्याने, जास्त स्वच्छ काढलं होतं. हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या बाटल्या, त्याही फार दिवस टिकणाऱ्या नव्हेत.

या परीक्षेला एक मेंढी कमी पडत होती. एक पोट फुगून गेली होती. बाहेरून आणलेली चालत नसे. कुठल्या कुरणात चरली, आधी कुणी टोचली, कोण जाणे? कुंपणाआत जन्मलेलीच हवी. आणि ठरलेल्या संख्येत एक जरी कमी असली, तरी वर बसलेली मंडळी निकाल मानत नसत. नवी पिल्लं वाढेपर्यंत थांबायचं म्हणजे सीरम वाया गेलं असतं आणि काम पुढच्या वर्षावर पडलं असतं.

कुंपणाआत जन्मलेली, लस नसलेली, धडधाकट अशी एकच मेंढी उरली होती. ती झाडाखाली बांधलेली होती.

मोठ्या डॉक्टरांनी एकदा खिडकीबाहेर बघितलं, मग लेकीकडे. "मी सांगणार नाही," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा."

लेकीने नानांजवळ शब्द काढला नाही. घरी यायची, जेवायची, भांडी घासायची.

त्याच दिवसांत नानांच्या जुन्या गोदामातून बातमी आली. कंपाउंडरचा भाऊ तिथे वजनकाट्यावर होता. गाठ फोडणारा एक तरुण गडी, नुकताच बाप झालेला, काळपुळीने गेला. पुळी दुखत नव्हती म्हणून दाखवली नाही. इस्पितळात नेला तेव्हा इंजेक्शनं दिली, जंतू मेले, पण तो दुसऱ्या दिवशी गेला. कंपाउंडर हे सांगत असताना नाना मावशीच्या पाठीवरची कुसळं काढत होते. त्यांचा हात थांबला, आपसूक मानेवरच्या खळग्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लेकीला म्हणाले, "तुला मावशी हवी आहे."

"मी मागितली नाही, नाना."

"तुझी आईही कधी काही मागायची नाही. नुसती भांडी जरा जोरात ठेवायची. तीन दिवस ऐकतोय मी."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही म्हणालात तर तिला हात लावणार नाही. काम पुढच्या वर्षी होईल."

"आणि तोवर गोदामात गाठी फुटायच्या थांबणार आहेत का?" नाना उठले. "वाचेल का गं?"

"माहीत नाही."

"खोटं तरी बोल."

"तुम्हीच सांगायचात ना, हलक्या लोकरीला वरची प्रत लावायची नाही."

नाना मंद हसले. "तुझ्या आईनं मला नेलं ना, तेव्हा डॉक्टरनं तिलाही हेच सांगितलं. माहीत नाही म्हणाला. तरी ती दारात बसून राहिली." त्यांनी काठी घेतली. "ज्या मेंढीनं मला रक्त दिलं तिला कुणी विचारलं नव्हतं. हिलाही विचारता येत नाही. पण सोबत तरी करता येते."

दावं सोडून ते स्वतः मावशीला घेऊन गेले. वाटेत ती दोनदा अडून बसली, आणि दोन्ही वेळा नाना तिच्याशी काहीतरी बोलत वाकून उभे राहिले. काय बोलले ते लेकीला ऐकू आलं नाही, तिने ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

रोग टोचलेल्या मेंढ्यांच्या बंद वाडग्यात नानांना प्रवेश नव्हता. त्यांनी वेताची खुर्ची तारेबाहेर आणून मांडली. आत रबरी बूट, एप्रन, तोंडाला फडकं बांधलेली लेक आणि तसाच कंपाउंडर. सगळ्या मेंढ्यांना खरा रोग टोचला. ताप चढेपर्यंत थांबायचं आणि मगच औषध सुरू करायचं, कारण माणूसही आजारी पडल्यावरच येतो. ते थांबणं लेकीला सगळ्यांत जड गेलं. दुसऱ्या दिवशी मावशीने वैरण हुंगली आणि सोडून दिली. पारा चढला. चिठ्ठ्या टाकून काहींना नुसतं इंजेक्शन ठरलं होतं, काहींना दोन्ही; मावशीला सीरम दिलं, इंजेक्शनही दिलं. तरी दुपारी ती बसली, मग आडवी झाली. पोट धापा टाकत होतं. शेजारची एक मेंढी संध्याकाळ व्हायच्या आत गेली.

"चिमणे!" बाहेरून नानांनी हाक मारली. "कोण गेली?"

"मावशी नाही."

जी गेली तिलाही कुणीतरी नाव द्यायला हवं होतं, असं नाना पुटपुटले.

अंधार पडायला लागला तसं लेकीने त्यांना घरी जायला सांगितलं. ते गेले नाहीत. कंपाउंडरने घोंगडी आणून त्यांच्या पायांवर टाकली, आणि नंतर कुणाला न सांगता आपला चहाही तिथेच आणला.

उजाडलं तेव्हा लेक मावशीजवळ गुडघ्यांवर बसली होती. मेंढीचा श्वास सावकाश चालला होता. शेवटचा म्हणून सावकाश की झोपेचा म्हणून, ते लेकीला ठरवता येईना. तिने पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. मावशीने एक डोळा उघडला. मग मान उचलली, अगदी कष्टाने, पाण्यात तोंड बुडवलं आणि ओठ लोंबवून लेकीकडे असं काही बघितलं, जणू म्हणत होती, एवढ्या मोठ्या घरात हिला एक वाटी धड देता येऊ नये!

"नाना!"

"काय?" खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पाणी प्यायली."

"तोंड कसं आहे?"

"नाराज."

"मग वाचली," नाना म्हणाले, आणि तारेला कपाळ टेकवून उभे राहिले. लेकीने त्यांना आजवर एकदाच रडताना बघितलं होतं, आई गेली तेव्हा.

सगळ्या मेंढ्या वाचल्या नाहीत. पण नुसत्या इंजेक्शनावर ठेवलेल्यांपेक्षा किती तरी जास्त वाचल्या, आणि मोठ्या डॉक्टरांनी निकाल वर पाठवला तेव्हा एकदाही चष्मा पुसला नाही. माणसांसाठी सीरम काढायचं काम त्यानंतर संस्थेत कायमचं सुरू झालं.

रोगातून उठलेल्या मेंढीचं रक्त सीरमसाठी सगळ्यांत चांगलं. मावशीला चांगली ताकद आल्यावर तिचं थोडं रक्त घ्यायचं ठरलं. यात तिला धोका नव्हता, सुई तेवढी मोठी होती. मोठ्या डॉक्टरांनी नानांना आत यायला सांगितलं, कारण मावशी दुसऱ्या कुणाला डोकं धरू देईना.

कंपाउंडरने तिच्या मानेवरची लोकर थोडीशी भादरली. नानांनी ती खाली पडू दिली नाही, चिमटीत धरून चाचपली. "वरची प्रत," ते म्हणाले आणि खिशात ठेवली. मग मावशीचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. सुई गेली, बाटलीत गडद लाल धार पडू लागली. मावशी एकदा फुरफुरली.

"थांब, थांब. झालंच," नाना तिच्या कानाशी म्हणत होते. "कुणीतरी असाच अडाणी असेल, दुखत नाही म्हणून बसून राहिलेला. घरी पाळण्यात पोर असेल त्याचं. दे बाई. तुझ्यासारखीनंच मला दिलं होतं."

लेक बाटली धरून उभी होती. काचेतून रक्ताची ऊब तिच्या तळव्याला लागत होती. नानांची मान वाकलेली होती, कॉलरच्या वर तो खळगा दिसत होता. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते, नाहीतर तिने लहानपणीसारखं त्यात बोट घातलं असतं.

"आईचा हट्ट," ती हळूच म्हणाली.

"आणि मावशीचं तोंड," नाना म्हणाले. "सासुरवाडीच्या माणसांनी मला कधी मरू दिलं नाही बघ."